गोधडी भिंतीवर चढते तेव्हा

नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही. आधी जाते बसायची जागा, मग कासोट्याचा घासणारा पट्टा, मग टाचेशी लोळणारा काठ. पदराकडचा भाग आणि कमरेशी गाठ मारलेलं टोक मात्र वर्षानुवर्षं धड राहतं. म्हणून पूर्वी लुगड्याला दंड घालत. मधला विरलेला पट्टा कापून काढायचा, दोन्हीकडची धड कापडं एकमेकांना जोडायची आणि आणखी वर्ष-दोन वर्षं रेटायची. दंड घातलेलंही फाटलं, की ते लुगडं नेसण्यातून जाई आणि गोधडीत येई.

गोधडीत येणारं कापड असं आपली हकिकत सोबत घेऊन येतं. ती वाचता येणं हे गोधडी शिवण्यातलं पहिलं काम. नक्षी, रंगसंगती, ठिगळांची मांडणी हे सगळं त्यानंतर. मी बरीच वर्षं जुन्या कापडावर काम करते आहे आणि माझ्या गोधड्या आता अंथरुणावर कमी, भिंतीवर जास्त जातात. त्या पाहून लोक हमखास विचारतात, रंग सुचतात कसे? खरं उत्तर ऐकून ते जरा हिरमुसतात. निम्मे रंग सुचत नाहीत, ते कापडाच्या ताकदीवरून ठरतात. ते कसं, हेच सावकाश सांगायचं आहे.

जुनं कापड हातात आलं की मी ते खिडकीसमोर धरते. धड कापड प्रकाश अडवतं. विरलेल्या जागी उभा आणि आडवा धागा वेगवेगळा मोजता येतो. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताणायचं, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेनं, एकदा आडव्या. जिवंत कापड थोडं ताणलं जातं आणि परत येतं. संपलेलं कापड कोरडा, कुरकुरता आवाज करतं. सवयीनं तो आवाज डोळ्यांआधी कानाला कळतो. यातून तीन ढीग होतात. अंगावर घासणं सोसेल असं कापड, मऊ पडलेलं पण अजून टाका धरेल असं, आणि नुसतं पोटात घालायच्या लायकीचं.

पोट म्हणजे गोधडीचा मधला भाग. रजईत तिथे पिंजलेला कापूस असतो. आपल्या गोधडीत बहुतेक वेळा कापूस नसतोच. कापडावर कापड, त्यावर कापड. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर. पन्हा सव्वा मीटरच्या आत धरला, तर एका लुगड्यात साडेनऊ चौरस मीटरच्या आसपास कापड असतं. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीला एका थराला तीन चौरस मीटर लागतं. म्हणजे एका लुगड्यात तीन थर, आणि तीन लुगड्यांची गोधडी केली तर नऊ. सुती लुगड्याचं वजन चौरस मीटरला 100 ग्रॅम धरलं, तर ही गोधडी पावणेतीन किलोंच्या घरात जाते. हे वजन लक्षात ठेवा, पुढे भिंतीपाशी त्याचं काम आहे.

ऊब कापडाच्या जाडीतून येते असं वाटतं, पण ऊब धरते ती थरांच्या मधे अडकून पडलेली हवा. हवेला हलू न देणं एवढंच आतल्या थरांचं काम. त्यांना घासणं नाही, ऊन नाही, ओढाताण नाही. त्यामुळे अगदी जीर्ण कापडसुद्धा पोटात वर्षानुवर्षं निभावतं. वरच्या आणि खालच्या थराला मात्र सगळं सोसायचं असतं, म्हणून धड कापड तिकडे जातं. लुगड्याची जात, रंग, काठाची नक्षी यांचा विचार सुरू होण्याआधीच अर्धी मांडणी अशी होऊन गेलेली असते.

आता टाका. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा, शिवणकामातला सगळ्यांत सोपा टाका. सुई खाली, सुई वर. पण तो इथे करतो ते काम मोठं आहे. एकावर एक ठेवलेली कापडं नुसती उचलली तर घसरतात, आणि ओढलं तर ज्याला ओढलं तेच कापड सगळा ताण घेतं. टाका घातला की वरच्या थराला बसलेला ताण लगेच खालच्या थरांत वाटला जातो. कुठे चीर पडलीच तर ती पुढच्या ओळीपाशी अडते. दोन ओळींमधलं अंतर दीड सेंटिमीटर ठेवलं, तर वरच्या मापाच्या गोधडीत 100 ओळी बसतात, प्रत्येक दोन मीटरची. म्हणजे 200 मीटर शिवण. टाका आणि त्यामागची मोकळी जागा मिळून सव्वा सेंटिमीटर धरलं तर 16,000 टाके. त्यातला एकही टाका मजबूत नसतो आणि तसा असायची गरजही नसते.

उलट तो फार मजबूत असेल तर नुकसान होतं. दोरा कापडापेक्षा कमी ताकदीचा असावा, हा नियम मी शिकवताना सगळ्यांत आधी सांगते. गोधडी ओढली गेली, तर तुटायला काहीतरी हवंच. दोरा तुटला तर ओळ उसवते, आणि उसवलेली ओळ संध्याकाळी बसून पुन्हा घालता येते. दोरा टिकला आणि कापड कापलं गेलं, तर तिथे पुन्हा टाका घालायला जागाच उरत नाही. बंगालच्या कांथांमध्ये शिवायचा दोरा जुन्या साड्यांच्या काठांतूनच ओढून काढत, त्यामुळे दोरा आणि कापड यांचं वय आणि ताकद आपोआप जुळायची. आज बाजारात पॉलिएस्टरचा चिवट दोरा सहज मिळतो. नव्या जीनच्या पॅन्टला तो उत्तम. तीस वर्षं धुतलेल्या मऊ लुगड्यात तो हळूहळू करवतीचं काम करतो.

शिवायला सुरुवात कुठून करायची, यात प्रांताप्रांताचे रिवाज आहेत. अमेरिकेत वरचा थर आधी स्वतंत्रपणे जोडून पुरा करतात, मग तीन थर एकावर एक पसरून कच्चे टाके घालतात आणि पक्की शिवण बहुधा मधून कडेकडे नेतात. कारण सरळ आहे. थरांमध्ये राहिलेला झोळ शिवणीपुढे सरकतो, आणि कडेला नेला की बाहेर निघून जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी बरोबर उलट चालते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज या समाजात मोठ्या संख्येनं आहेत, आणि हळियाळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला त्यांची वस्ती आहे. त्यांच्याकडे शिवण कोपऱ्यातून सुरू होते, कडेनं फिरते आणि फेऱ्यांमागून फेऱ्या घेत मध्याकडे जाते. मग मध्ये झोळ का जमत नाही? कारण वरचा थर आधी जोडलेलाच नसतो. खाली एक जुनी साडी पसरलेली असते आणि एकेक तुकडा त्यावर ठेवत, कड आत मुडपत, तिथल्या तिथे शिवला जातो. जोडणं आणि शिवणं एकाच हालचालीत होतं, त्यामुळे प्रत्येक तुकडा बसतानाच सपाट होतो. पुढचा तुकडा कोणता, हे आधीचा बसल्याशिवाय ठरत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडांची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजली जाते. हे काम पाहिलं की आराखडा आधी आणि हात नंतर, ही शाळेत शिकवलेली उतरंड माझ्या तरी डोक्यातून गेली.

आपल्याकडे दोन पद्धती दिसतात. काही घरांत कडेपासून चौकोनात चौकोन घेत आत जातात, काही ठिकाणी सरळ समांतर ओळी. शिवणाऱ्या दोघी असतील तर त्या समोरासमोरच्या कडांना बसतात आणि ओळी मधे येऊन भेटतात. दोघींचा हात सारखा नसतो. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. तो फरक गोधडीत कायम राहतो आणि मला तो पुसावासा कधी वाटत नाही.

मग धुणं. घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर किंवा विहिरीवर न्यायची आणि दगडावर आपटून धुवायची, हा नेम अजून पुष्कळ गावांत आहे. इतकी आपटाआपटी जुनं कापड कसं सोसतं? कापसाचा धागा ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त बळकट असतो. रेशीम आणि लोकर यांचं उलटं, ती ओली झाली की दुबळी पडतात. म्हणून सुती गोधडी धोपटणं सोसते. धोका असतो तो पाण्यातून वर काढताना. ओल्या गोधडीचं वजन कितीतरी वाढलेलं असतं, आणि एका टोकाला धरून ती उचलली तर सगळा भार तिथल्या मूठभर टाक्यांवर येतो. जाणत्या बायका ती गुंडाळी करून, दोन्ही हात खाली घालून काढतात.

एवढं कळलं की मांडणीमागची कारणं दिसू लागतात. इरकली लुगड्याचा लाल रेशमी पदर घ्या. सगळ्या ढिगात तोच उठून दिसतो. पण रेशीम उन्हाला कच्चं, पाण्यात दुबळं. गोधडीची तोंडाशी येणारी कड तेल आणि घामानं मळते, पायाकडची लाथांनी फाटते, बाजूच्या कडा जमिनीवर घासतात. मग उरतो मध्य. जुन्या गोधड्यांत सगळ्यांत देखणा तुकडा मधोमध आणि भोवती साध्या कापडाच्या चौकटी अशी मांडणी वारंवार दिसते. तिच्यामागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण ती दृष्टी या झिजेच्या नकाशावर तयार झाली असं माझं मत आहे. नव्या कोऱ्या कापडावर ठिगळांचं चित्र छापून विकतात त्या चादरी मला निर्जीव वाटतात त्या यामुळेच. त्यातल्या एकाही तुकड्याला आपल्या जागी असायचं कारण नसतं.

ठिगळ हे आपल्याकडे दारिद्र्याचं चिन्ह होतं. गाडगेबाबांनी चिंध्यांचा पेहराव जाणूनबुजून पत्करला आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले. जे अंगावर यायला नको वाटतं ते भिंतीवर टांगायचा विचार कोण करणार? अमेरिकेतही हे व्हायला वेळ लागला. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतींवर लागल्या. निवडताना लांबून पाहिल्यावर काय दिसतं, याला महत्त्व होतं. लोकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. शिवणाऱ्या बायकांची नावं मात्र बहुतेक गोधड्यांवर नव्हती, आणि पुढे त्यावर टीकाही झाली. 2002 मध्ये ह्यूस्टनला आणि त्यानंतर त्याच व्हिटनीत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या आल्या, त्या नावानिशी आल्या.

जीज बेंड अलाबामा नदीच्या वळणावर आहे. तिथली कुटुंबं कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांची वंशज. पुष्कळांचं आडनाव पेटवे, कारण मळ्याच्या एका मालकाचं ते आडनाव होतं. थंडीत फटींतून वारा येणाऱ्या लाकडी घरांत पांघरायला आणि भिंतींवर अडकवायला या बायकांनी गोधड्या केल्या, शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या. मिझूरी पेटवे यांनी 1942 मध्ये पतीच्या निधनानंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अशा गोधड्यांत पॅन्टच्या गुडघ्यांची जागा फिकी दिसते, आणि खिसा उसवून काढला तिथे गडद निळा चौकोन राहिलेला असतो. तो चौकोन कुणी रंगवलेला नाही. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत फारशी मुरत नाही, वरच्या वर बसते. घासलं की ती निघून आतला पांढरा गाभा उघडा पडतो, आणि खिशाखाली न घासलेली, उन्हापासून झाकलेली नीळ तशीच टिकते. म्हणजे कोणत्या जागी किती राबणं झालं, याची नोंद कापडानंच ठेवलेली असते. शिवणारीनं काय केलं? तो गडद चौकोन कुठे यावा, आडवा की उभा, त्याच्या शेजारी फिकं काय ठेवावं, हे ठरवलं. मला विचाराल तर प्रतिभा नेमकी त्या निर्णयात आहे.

आता भिंतीकडे वळू. अंथरुणावर पसरलेल्या गोधडीचा प्रत्येक भाग आपापलं वजन खालच्या जमिनीवर टाकून मोकळा होतो. टांगली की पावणेतीन किलोंचा सगळा भार वरच्या दीड मीटरच्या कडेवर येतो, म्हणजे सगळ्यांत जास्त झिजलेल्या आणि मळलेल्या कडेवरच. वरचे टाके ताणले जातात, आतले थर हळूहळू खाली घसरतात, आणि काही वर्षांत गोधडीला खालच्या बाजूला पोट सुटतं. खिळे, चिमटे किंवा दोन कोपऱ्यांना लावलेल्या कड्या हे सगळ्यांत वाईट, कारण भार आणखी थोड्या टाक्यांवर जातो.

त्यावर उपाय आहेत. सशक्त गोधडीला मागच्या बाजूनं पूर्ण रुंदीभर कापडाची नळी शिवतात आणि तीतून दांडी घालतात. किंवा वेल्क्रोची मऊ पट्टी आधी जाड सुती पट्टीवर मशीननं शिवून घेतात, ती पट्टी गोधडीला हातानं शिवतात, टाका सगळ्या थरांतून काढून. वेल्क्रोची खरखरीत बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला. सगळ्या थरांतून काढणं महत्त्वाचं. नुसत्या मागच्या थराला शिवलं तर तोच एक थर बाकी आठांचं ओझं वाहतो. गोधडी दुबळी असेल, तर पाठीला अखंड सुती कापड लावून त्यात जागोजागी टाक्यांच्या ओळी घालतात, म्हणजे खालचा भार खालीच त्या कापडावर उतरतो. अगदी जीर्ण असेल तर टांगूच नये, कापड लावलेल्या उतरत्या फळीवर निजवावी. मी भिंतीसाठीच काम करते तेव्हा सुरुवातीलाच सगळ्या थरांचा उभा धागा वरून खाली येईल असं बघते, कारण मागावर ताण सोसलेला तो धागा सहसा आडव्यापेक्षा बळकट असतो. अंथरुणाच्या गोधडीत हे कुणी बघत नाही, बघायचं कारणही नाही.

फेथ रिंगगोल्ड या न्यूयॉर्कच्या चित्रकर्तीनं हा प्रश्न वेगळ्या बाजूनं सोडवला. 1988 च्या ‘टार बीच’मध्ये मधलं चित्र कॅनव्हासवर रंगवलेलं आहे आणि कापडाच्या तुकड्यांची चौकट त्याला जोडून सगळं गोधडीसारखं शिवलं आहे. भार कॅनव्हास वाहतो, आणि जड लाकडी चौकट नसल्यामुळे एवढं मोठं चित्र गुंडाळून नेता येतं.

भारापेक्षा मोठा शत्रू प्रकाश. त्यानं झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. रात्री विसावा दिला म्हणून उडालेला रंग परतत नाही. संग्रहालयं कापडासाठी प्रकाश 50 लक्सपर्यंतच ठेवतात. अशा मंद प्रकाशात रोज आठ तास, असे 100 दिवस एखादी गोधडी मांडली, तर तिच्यावर 40,000 लक्स-तास प्रकाश पडतो. भर दुपारचं थेट ऊन 1 लाख लक्सच्या आसपास असतं. म्हणजे गच्चीवर अर्धा तास वाळत घातलेली गोधडी संग्रहालयातल्या 100 दिवसांहून जास्त प्रकाश खाते, आणि उन्हातले अतिनील किरण वेगळेच. हे कळल्यावर मी गोधडी उन्हात घालायचं बंद केलं का? वापरातली नाही. ऊन ओल घालवतं, आणि आपल्या पावसाळ्यात बुरशी ही उन्हापेक्षा जवळची भीती आहे. फक्त चांगली बाजू खाली करून घालते.

काही कापडं बाहेरून कुणी छळलं नाही तरी आतून मरतात. हिरड्यासारख्या टॅनिनवाल्या पदार्थावर लोखंड चढवून काळा रंग करायची आपल्याकडे जुनी पद्धत. कलमकारीतला काळाही लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात मुरवून होतो. रंग पक्का, सुंदर. पण त्यातलं लोखंड कापसाच्या धाग्याला वर्षानुवर्षं कुरतडत राहतं. जुन्या छापील कापडात लाल फुलं शाबूत आणि त्यांच्या काळ्या रेषांच्या जागी भोकं, असं दिसतं ते यामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गोधड्यांत तपकिरी छिटांची हीच गत झालेली आहे. रेशमाची कथा आणखी विचित्र. कोशातला डिंक धुऊन काढला की रेशमाचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्शानं घटतं, आणि रेशीम तर वजनावर विकलं जायचं. तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या कारखानदारांनी ती तूट कथलाच्या क्षारांनी भरून काढली, पुष्कळदा तुटीहून जास्त. ते जड, सळसळतं रेशीम त्या काळच्या शौकीन बायकांनी आपल्या गोधड्यांत हौसेनं वापरलं. आज तेच तुकडे उभे-आडवे चिरत पडले आहेत, शेजारचं साधं सुती कापड धड असताना.

इथे मला माझ्या कामाचं सूत्र सापडलं. एका गोधडीतली सगळी कापडं एकाच वेगानं विरत नाहीत. मग तो वेगच मांडणीत का धरू नये? समजा वरचं कापड आधी जाणार हे मला ठाऊक आहे. त्याच्यावर मी ओळी दोन-दोन मिलिमीटरवर घालते, इतक्या दाट की बरीच जागा दोऱ्यानंच भरते. कापड विरून झडलं की दोऱ्याची जाळी राहील आणि तिच्यामागून दुसरा थर दिसू लागेल. तो थर कोणत्या रंगाचा, हे मला आज ठरवावं लागतं. वर फिकट राखी आणि खाली हळदीचा पिवळा ठेवला, तर वीस-तीस वर्षांनी त्या जागी पिवळा वर येईल. पण हळद उजेडात फार लवकर उडते, म्हणून त्याखाली आणखी एक टिकाऊ रंग हवा. जुन्या वापरातल्या गोधड्यांत हे कुणी न ठरवताच घडतं. वरचं ठिगळ झिजतं आणि आतल्या कुठल्यातरी विसरलेल्या परकराची फुलं बाहेर येतात.

नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी या हिशेबात गोंधळ घातला आहे. त्या शिवताना घसरतात, घाम शोषत नाहीत, आणि सहजासहजी विरत नाहीत. आजच्या गोधड्यांचं वरचं कापड पुष्कळदा तेच असतं, पोटात सुती. पन्नास वर्षांनी त्यांत पोटाचा भुगा होईल आणि वरचं कव्हर झगमगत राहील. काही कलावंत मैत्रिणी ही कापडं हातात धरत नाहीत. मी वापरते. गेल्या चाळीस वर्षांत घराघरांत नेसलं गेलं ते हे कापड, आणि गोधडीनं ते नाकारलं तर ती खोटी होईल.

दुरुस्तीपाशी मात्र घर आणि संग्रहालय यांच्या वाटा वेगळ्या होतात. संग्रहालयातला संवर्धक जीर्ण जागेवर रेशमाची पारदर्शक जाळी ठेवतो, केसाइतक्या बारीक दोऱ्यानं ती कडेनं धरतो, आणि जे काही लावलं ते पुढे कधीही काढता येईल असं बघतो. घरात गोधडी फाटली की तिच्यावर नवं लुगडं चढतं आणि जुनी गोधडी सबंध पोटात जाते. जुन्या अमेरिकन गोधड्यांतही आत दुसरी, तिच्याहून जुनी गोधडी सापडते. घरच्या पद्धतीत शिवणं कधी संपत नाही. संग्रहालयात ते एका तारखेला थांबवलं जातं. माझी संग्रहालयांबद्दल तक्रार नाही. कुणीतरी कुठेतरी थांबवलं नसतं तर पाहायला काहीच उरलं नसतं. पण माझं काम कुणी घरी नेतं तेव्हा मी सोबत त्यातल्याच कापडांच्या उरलेल्या चिंध्यांची एक पुडी देते, आणि कोणत्या जागी काय लावायचं ते सांगते. काही जण ती पुडी जपून ठेवतात, काही जण खरंच वापरतात.

शेवटी एक काम राहतं, ते नोंदीचं. जॉर्जिया राज्यात 1837 साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, दुसरी बॉस्टनच्या कलासंग्रहालयात. पहिलीत बायबलमधल्या कथा कापडाच्या आकृत्यांत आहेत. अडचणीच्या दिवसांत ती त्यांनी पाच डॉलरना विकली. घेणाऱ्या जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेनं प्रत्येक चौकटीत काय आहे ते पॉवर्स यांच्याकडून ऐकून लिहून ठेवलं, आणि ती गोधडी आज आपल्याला वाचता येते याचं बरंचसं श्रेय त्या नोंदींना आहे. दुसऱ्या गोधडीत 1833 च्या नोव्हेंबरमधला उल्कावर्षावसुद्धा आहे, पॉवर्स यांच्या जन्माआधीचा, ऐकीव. ही माहिती कुणी लिहिलीच नसती तर आज त्या आकृत्यांवर नुसते तर्क चालले असते.

तेव्हा घरात जुनी गोधडी असेल, तर त्यातलं कोणतं कापड कुणाचं, हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. कागदावर लिहा, आणि थोडक्यात गोधडीवरही. कापडावर लिहायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे; अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) ‘पंचीकरण’ लिहिलं ते सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर. पण शाई निवडताना जपा. 1840 च्या दशकात अमेरिकेत मैत्रिणींनी सह्या करून गोधड्या भेट द्यायची चाल होती. त्यांतल्या काहींवरची शाई लोहयुक्त होती, आणि आज तिथे अक्षरांच्या आकाराची भोकं आहेत. म्हणून वेगळ्या धुतलेल्या सुती पट्टीवर नावं दोऱ्यानं काढा आणि ती पट्टी मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, फक्त वरवरच्या थराला चार बाजूंनी सैल टाक्यांनी शिवा. उद्या गोधडीला नवं अस्तर लागलं, तर ती उसवून पुन्हा लावता येईल.